कांचनजुंगा आणि मी वगळलेला परिच्छेद

बाबा आमच्याकडे नीउ-व्हेनेप या डच गावात आले त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी जावयाला विचारलं, हे गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे. नवऱ्याने मोबाईलमध्ये बघून सांगितलं, चार मीटर.

"वर?"

"नाही बाबा, खाली. इथे पूर्वी मोठं सरोवर होतं. ते उपसून ही जमीन काढलीय."

बाबांना हे इतकं आवडलं की चहा तसाच ठेवून त्यांनी भारतात आपल्या मित्राला फोन लावला. "अरे, मी सध्या उणे चारवर तंबू ठोकलाय," असं म्हणाले आणि पलीकडचं उत्तर ऐकून खोकला येईपर्यंत हसले. त्या खोकल्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते.

बाबा टेलिफोन खात्यात होते. आठवडाभर खांबांवर चढणाऱ्या माणसांवर देखरेख करायची आणि रविवारी स्वतः सह्याद्रीतले कडे चढायचे, असा त्यांचा क्रम. पण गावात त्यांना ओळखत ते एकाच गोष्टीमुळे. तीस वर्षांपूर्वी, मी दहा वर्षांची असताना, आमच्याकडच्या गिर्यारोहकांची एक तुकडी कांचनजुंगाला गेली होती. बाबा त्या तुकडीत होते आणि ते शिखर करून आले होते. शिखर केलं, पण शिखरावर पाय ठेवला नाही.

हे ज्यांना माहीत नाही त्यांना विचित्र वाटतं. कांचनजुंगा जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर. एव्हरेस्टची मोजणी होण्याआधी लोक त्यालाच सगळ्यांत उंच समजत. सिक्कीमच्या माणसांसाठी तो आधी देव आणि मग डोंगर. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून परदेशी लोक तिथे चढायला जात होते, हिमलोटांत माणसं गमावून परत येत होते. पन्नासच्या दशकात एक ब्रिटिश जोडी माथ्यापाशी पोचली, पण सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता म्हणून शेवटची काही पावलं न टाकता खाली उतरली. दुसऱ्या दिवशी दुसरी जोडीही तशीच उतरली. पुढे आपल्या सैन्याची मोहीम दुसऱ्या, जास्त अवघड अंगाने गेली, तिनेही तेच केलं. तेव्हापासून तो रिवाज पडला. सगळेच पाळतात असं नाही, आपल्याकडचे बहुतेक पाळतात.

बाबा हा सगळा इतिहास शाळाशाळांतून सांगत. स्लाइड दाखवत, हिमलोटाच्या गोष्टीने मुलांना घाबरवत, आणि शेवटी म्हणत, "मी शिखराच्या खाली थांबलो." या वाक्याला सभागृह गप्प व्हायचं. आपल्या लोकांना झेंडा रोवणाऱ्याचं कौतुक असतंच, पण हाताशी आलेलं सोडून देणाऱ्याच्या ते पाया पडतात. एका शाळेत तर मुख्याध्यापक खरोखर पाया पडले होते, मी पहिल्या रांगेत बसून बघितलंय. शाल, श्रीफळ, नमस्कार. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा सासऱ्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. "कांचनजुंगावाल्यांची मुलगी आहे, आणखी काय बघायचं," म्हणाले. मी मुळात गर्विष्ठ आहे, नाकावर माशी बसू देत नाही, आणि त्या गर्वातला निम्मा तरी त्या एका वाक्यावर पोसलेला होता.

ज्या मित्राला बाबांनी फोन केला, त्यांना मी काका म्हणते. ते ताडपत्र्या आणि शाळेची दप्तरं शिवायचे. परदेशी सामान आवाक्याबाहेरचं, म्हणून मोहिमेच्या सगळ्या सॅक काकांनी आपल्या मशीनवर शिवल्या होत्या. चढाईत ते बाबांपेक्षा सरस, हे बाबाच सांगायचे. तर शेवटच्या कॅम्पवर असं झालं की दुसऱ्या जोडीसाठी एक सभासद आणि एक शेर्पा, एवढ्यांनाच पुरेल इतका ऑक्सिजन उरला. जागा एक आणि माणसं दोन, बाबा आणि काका. काकांनी बाबांना पुढे केलं. "याला घरी मुलगी आहे, तिला सांगायला काहीतरी लागेल. मी पुढच्या वेळी जाईन," असं ते म्हणाले. पुढची वेळ आली नाही. त्यांना पुन्हा कधी तेवढी रजा, तेवढी माणसं, तेवढं शरीर एकदम जमलं नाही. पण बाबांचा सत्कार कुठेही असो, काका मागच्या खुर्चीवर हजर असत आणि सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत.

बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आई गेल्यापासून ते एकटेच होते, म्हणून मी जरा भांडूनच बोलावलं होतं. डच घरांचे जिने उभेच्या उभे असतात. पहिल्या महिन्यात बाबा ते धडाधड चढले. दुसऱ्या महिन्यात मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचे फोटो बघू लागले, आणि तिसऱ्यात मला कळलं की ते फोटो बघत नाहीत. हाउसआर्ट्स, म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्याच दिवशी हॉस्पिटलात पाठवलं. फुप्फुसं कडक होत चालली होती. औषधाने वेग कमी होईल, मागे काही येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. विमानात बसायची परवानगी नव्हती. त्यांच्या पत्रावर व्हिसाची मुदत वाढली, पलंग खाली दिवाणखान्यात आला, आणि पलंगाशेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन आलं.

"आठ हजार मीटरवर मिनिटाला दोन लिटर लागायचा," बाबा नाकातली नळी सारखी करत म्हणाले. "उणे चारवर तीन. हे कुणाला सांगितलं तर पटेल का?"

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. इथल्या शाळेत मुलांना वर्गापुढे एखाद्या विषयावर बोलावं लागतं, त्याला स्प्रेकब्यूर्त म्हणतात. तिने विषय घेतला, आजोबांचं शिखर. मोठ्या कागदावर डोंगर काढला, चढायची वाट लाल रंगाने दाखवली आणि आजोबांच्या पलंगावर येऊन बसली. आजोबा नेमके कुठे थांबले तिथे तिला खूण करायची होती.

"हूफेल मेटर, आजोबा? वन मीटर की टेन?"

"थोडं खाली," बाबा म्हणाले.

"बट हाउ मच इज थोडं? यूफ विचारणार." यूफ म्हणजे तिच्या बाई.

बाबांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि एक ठिपका दिला. तो ठिपका माथ्यापासून चांगला चार बोटं खाली होता. "दॅट इज नॉट थोडं," पोरगी म्हणाली आणि निमूटपणे तिथे छोटा माणूस काढायला लागली. मला वाटलं, बाबांचा हात हलला असेल.

ती पोहायच्या क्लासला गेल्यावर बाबांनी मला जवळ बसायला सांगितलं. नळीमुळे ते थांबत थांबत बोलायचे, त्यामुळे प्रत्येक वाक्य ऐकून घेण्यावाचून सुटका नसायची.

"मी त्या दिवशी माथ्याखालच्या खडकांपर्यंतसुद्धा गेलो नाही. अजून दोन-अडीच तास तरी लागले असते. ढग आले होते, पण ढगाने काही अडवलं नव्हतं. मी बर्फात बसलो आणि रडायला लागलो. भीती वाटली. शेर्पाला म्हटलं, खाली चल." मग म्हणाले, "कॅम्पवर आलो तर तुझा काका तंबूबाहेर उभा. म्हणाला, झालं? मी म्हटलं, शिखराच्या खाली थांबलो. खोटं कुठे होतं त्यात? त्याने मला मिठी मारली. मग वायरलेसवर गेलं, पेपरात आलं. शेर्पाला कुणी विचारलंच नाही, तो बिचारा बर्फ वितळवत बसला होता. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत तीस वर्षं गेली."

मला राग आला. त्यांनी खोटं सांगितलं याचा नाही, ते मला सांगितलं याचा. मी म्हटलं, "मग आता तरी कशाला सांगायचं? कुणाचं काय अडलंय?"

"त्याचा ऑक्सिजन मी वापरला," बाबा म्हणाले. "त्याला कळल्याशिवाय मला जायचं नाही. त्याने माफ करावं, नाही केलं तरी चालेल, पण त्याला कळायला हवं."

त्यांनी फोनवर तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. काकांचा गुडघा, शिलाई मशीनची मोटर, क्रिकेट, आमच्याकडचा वारा. मूळ गोष्ट ओठांपर्यंत यायची आणि बाबा म्हणायचे, "बरं, ठेवतो." शेवटी त्यांनी दुसरी वाट काढली. त्यांच्या गिर्यारोहण संस्थेला पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती, आणि कांचनजुंगाच्या चढाईच्या इतिहासावर लेख द्या म्हणून त्यांच्यामागे लकडा होता. बाबा म्हणाले, लेखातच लिहितो. काका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतातच.

दोन आठवडे ते सांगत होते आणि मी टाइप करत होते. राजाला दिलेला शब्द, सैन्याची मोहीम, सगळं आलं. कितीतरी दिवसांनी आम्ही बापलेक इतका वेळ एकत्र होतो. एखादी गोष्ट आठवली नाही की ते डोळे मिटून घ्यायचे आणि मी मशीनवरचा आकडा बघायचे. शेवटचा परिच्छेद त्यांनी एका दमात सांगितला, दम नसताना. तो मला तोंडपाठ आहे.

"मी कांचनजुंगा चढलो नाही. माथ्याच्या बऱ्याच खालून मी भीतीने परत फिरलो, आणि पुढे तिथल्या रिवाजाच्या आड लपलो. ज्या मित्राने आपली जागा मला दिली त्याची मी माफी मागतो. त्याने ती दिलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही."

"जसंच्या तसं पाठव," ते म्हणाले. "तुझी कात्री चालवू नकोस."

माझी कात्री म्हणजे माझी नोकरी. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका लिहिते. लिहिते म्हणजे मुख्यतः कापते. वाचणाऱ्याला ज्याचा उपयोग नाही ते काढून टाकायचं, हे मी दिवसभर करते आणि चांगलं करते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, चीज लावलेले ब्रेडचे दोन तुकडे खाता खाता, मी तो लेख उघडला आणि शेवटचा परिच्छेद काढून टाकला. मग लेख संपादकांना पाठवला. त्या परिच्छेदाशिवाय लेख फार छान संपत होता.

त्यासाठी मी स्वतःला काय काय सांगितलं, ते सगळं आठवतं. ऑक्सिजन कमी पडला की म्हातारी माणसं काहीही बोलतात. काकांना या वयात धक्का बसेल. गावातली माणसं तोंडात शेण घालतील आणि उत्तर द्यायला बाबा तिथे नसतील. यातलं एकही कारण खरं नव्हतं. मला कांचनजुंगावाल्यांची मुलगी राहायचं होतं, एवढंच खरं होतं.

नवऱ्याला मी सांगितलं. तो मला कधी फारसं बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "हे तुझं नाहीये." मी म्हटलं, माझे वडील आहेत. तो भांडी लावायला निघून गेला.

स्मरणिका छापून झाली, मोबाईलवर तिची प्रत आली. बाबांना तोवर वाचायचा त्रास होऊ लागला होता, अक्षरं हलतात म्हणायचे. "तू वाच," म्हणाले. मी वाचलं. लेख संपला, त्याखाली दुसऱ्या कुणाच्या लेखाचं शीर्षक होतं, आणि मी त्या शीर्षकाकडे बघत पुढचा परिच्छेद पाठ म्हणून दाखवला. आवाज जरासुद्धा कापला नाही. बाबांनी विचारलं, "शब्द बदलले नाहीत ना त्यांनी?" मी म्हटलं, "नाही."

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावायला सांगितलं, कारण त्यांना फोन धरवत नव्हता. संस्थेचा समारंभ त्याच आठवड्यात झाला होता.

"लेख वाचला रे," काका म्हणाले. "दोनदा वाचला."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत म्हणजे काय, अर्धा सोडतो का मी?"

बाबांनी फोनकडे मान वळवली. मग म्हणाले, "रागावला नाहीस ना?"

"रागावतो कशाला वेड्या? तुझी ही अवस्था, आणि मी रागावू?"

काकांना वाटलं, समारंभाला येता आलं नाही म्हणून हा विचारतोय. मला ते त्याच क्षणी कळलं. मी पलंगापासून दोन हातांवर, खिचडीची ताटली घेऊन उभी होते. बाबांनी डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "फार मोठा आहेस रे तू."

"बास झालं. जेवलास का?" काका म्हणाले.

मी तेव्हा बोलू शकले असते. फोन चालू होता, दोघं जिवंत होते, दोघांना ऐकू येत होतं. मी ताटली टेबलावर ठेवली आणि चमचा आणायला आत गेले.

त्यानंतर बाबा पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत ते नीट झोपले. पिठलं मागून खाल्लं. नातीला दोराच्या गाठी शिकवल्या आणि सकाळी येणाऱ्या डच नर्सला हाताने खुणा करून करून हिमलोट म्हणजे काय ते सांगितलं. ती गेली की मला म्हणायचे, "आता काही शिल्लक नाही बघ." एका सकाळी नर्स त्यांचा हात पुसत असताना ते गेले. भेटायला आलेली इथली मराठी माणसं म्हणाली, चेहरा किती शांत आहे. जो येईल तो हेच म्हणत होता आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

तेराव्यानंतर काकांचा फोन आला. संस्थेत शोकसभा ठेवली होती. "तो माथ्याखाली कसा थांबला ते मीच सांगणार आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. तुझ्याकडे त्याचा तिथला एखादा फोटो असला तर पाठव."

हा माणूस भर सभेत उभा राहून ते सांगणार, आणि पुन्हा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवणार. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "काका, थांबा. तुम्हाला एक वाचून दाखवायचंय." आणि तो परिच्छेद म्हटला. यावेळी आवाज कापला.



"हे त्याने कधी लिहिलं?"

"लेखातच होतं. मी काढलं."

"आणि तो?"

"त्यांना वाटलं, छापलंय. मी त्यांना छापल्यासारखं वाचून दाखवलं."

"म्हणजे त्या दिवशी मला विचारत होता, रागावला नाहीस ना, ते..."

"हो."

"मी समारंभाचं समजलो गं," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मी रागावलो असतो. चांगल्या शिव्या घातल्या असत्या. दोन दिवस त्याचा फोन घेतला नसता. आमचं जन्मभर असंच चालायचं, तुला कुठे माहीत असणार. आणि तिसऱ्या दिवशी मीच फोन केला असता. तेव्हा जे बोललो असतो ना, ते त्याला ऐकायचं होतं. तू त्याला भलतंच ऐकवलंस."

मी रडत म्हटलं, "काका, माझ्यावर रागवा. काय बोलायचं ते बोला."

"तुझ्यावर रागावून काय करू?" ते म्हणाले. "मला त्याच्यावर रागवायचंय."

आणि त्यांनी फोन ठेवला. शोकसभेत ते बोलायला उभे राहिले नाहीत, असं मागाहून कळलं. त्या फोनच्या तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. घरात कुणी नव्हतं, मोबाईल समोर ठेवून मी सकाळपासून बसून होते. तो वाजला नाही.